तिच्या नंबरावरचा ओटीपी

तिकिटाच्या ॲपवर लाल अक्षरं आली. पासवर्ड फार वेळा चुकलाय, तुमचं अकाउंट तूर्तास बंद केलं आहे, उद्या प्रयत्न करा. मी ती अक्षरं बराच वेळ बघत बसलो. अकाउंट माझं नव्हतंच. बायकोचं होतं, आणि बायकोला जाऊन महिना व्हायला आला होता.

"बंद झालं?" पोरीने विचारलं.

"झालं."

"तुमी कॅपिटल टाकलंच नाय. मी सांगितलं होतं."

पोर आठवीत आहे. घरात मोबाइल कळणारी आता ती एकटी. आधी तिची आई होती. आमच्या वस्तीत कुणाला गाडीचं तिकीट काढायचं असलं की लोक माझ्याकडे नाही, तिच्याकडे यायचे. चुलीवर कालवण ठेवून ओट्यावर बसायची, आधार कार्ड मागायची, अंगठा भराभर चालायचा, आणि "घ्या, कन्फर्म" म्हणून मोबाइल समोरच्याच्या नाकाला लावायची. मी बाजूला बसून ते बघायचो. शिकलो काय? डोंबल. मला मोबाइल म्हणजे आलेला फोन उचलणं आणि कंपनीच्या ग्रुपवर हजेरी टाकणं. बाकी सगळं तिच्याकडे होतं. गॅसचा नंबर तिच्याकडे, विजेचं बिल तिच्याकडे, पोरीच्या शाळेचे मेसेज तिच्याकडे. माझं नि आईचं आधारसुद्धा तिच्याच मोबाइल नंबराला जोडलेलं होतं, कारण त्या रांगेत उभी राहिली ती.

तिला ताप आला तेव्हा शेतात बेणणी चालू होती. आमचं शेत ते केवढं, सापगावच्या पुढं दोन तुकडे, पण ही बाई गोळी घ्यायची आणि चिखलात उतरायची. अगं बस म्हटलं तर म्हणायची, तण काय बसून राहणारय का. मग शहापूरला दाखवली, तिथून ठाण्याला हलवली, आणि ठाण्याहून आणली ती चादरीत. डॉक्टर लेप्टो म्हणाले. मी आटगावजवळच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. माल आला की बघायचा आणि सही करायची, हे माझं काम. ठाण्याला त्यांनी कागद पुढे केला तेव्हा तशीच सही केली. अक्षरही नीट आलं.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. पुण्यानुमोदनाला लोक आले, भंतेजी आले, वंदना झाली, जेवणं उठली. मी पत्रावळ्या पुरतायत का ते बघत होतो. कुणी खांद्यावर हात ठेवला की मी "हो हो" म्हणायचो. काय हो, ते मला विचारू नका.

तिकिटाची मला आठवणच नव्हती. आठवण काढली पोरीने. कंपनीतून आलो, चपला काढत होतो, तर म्हणाली, "पप्पा, नागपूरला कधी निघायचं?"

आता हे नागपूर काय ते सांगायला पाहिजे. आमच्या आजोबांनी छप्पननंतर दीक्षा घेतली, तेव्हापासून आमी बौद्ध. घरातले पुरुष एकदोनदा दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाऊन आलेत. बायका एकही नाही. भात असतं, म्हातारं माणूस असतं, कुणाचं बाळंतपण असतं. बायको दरवर्षी म्हणायची, मला एकदा जायचंय. दरवर्षी काहीतरी निघायचं, आणि ती गप बसायची. ह्या वर्षी बोललीच नाही. रिझर्व्हेशन उघडलं त्या सकाळी भाकऱ्या अर्ध्या टाकून मोबाइल घेऊन बसली आणि तीन तिकिटं काढून मोकळी झाली. तिचं, पोरीचं, माझं. कल्याणहून संध्याकाळची गाडी. "आता कुणाची हळद निघो नायतर कुणाचं बारसं," म्हणाली, "मी काय थांबत नाय." त्या दिवशी भाकऱ्या करपल्या होत्या आणि कुणी काही बोललं नाही.

"आता कुठलं नागपूर गो," आई आतून म्हणाली. "घरात हे असं झालेलं."

"मम्मीने तिकीट काढलंय."

मी म्हटलं, "बघू. बसने जाऊ. नायतर पुढल्या वर्षी."

"बसने नाय," पोर म्हणाली. "मम्मीने काढलेल्या तिकिटावरच जायचं. तिची सीट आहे त्या गाडीत."

तिने आवाज चढवला नाही की पाय आपटले नाहीत. तिची आई गेल्यापासून ह्या पोरीने काही मागितलं नव्हतं. वाढलं तेवढं जेवायची, सांगितलं की झोपायची. शाळेतल्या बाई म्हणाल्या, वर्गात खिडकीकडे बघत बसते. पहिल्यांदा काहीतरी मागत होती. म्हटलं, हे तरी द्यावं हिला. एक तिकीट तर बघायचंय, आपल्याला काय अवघड आहे!

अवघड काय होतं ते मग कळलं. गाडी कुठली ते ठाऊक, दिवस ठाऊक. पण डबा कुठला, सीट कुठली, तिकिटाचा तो लांबलचक नंबर कुठला, ह्यातलं काही ठाऊक नाही. तो मेसेज तिच्या फोनमध्ये. आणि तिचा फोन मी पुसून टाकला होता.

त्याचं असं झालं की फोनला पॅटर्न होता. पोरीला अभ्यासाला फोन हवा होता, म्हणून तो घेऊन मी बाजारातल्या दुकानात गेलो. दुकानवाला म्हणाला, पॅटर्न ठाऊक नसेल तर फॉरमॅट मारावा लागेल, आतलं सगळं जाईल. मारा म्हटलं. फोटो, मेसेज, तिचे ते आवाजात पाठवलेले निरोप, सगळं गेलं. फोन अगदी दुकानातून आल्यासारखा कोरा झाला. घरी आणून पोरीच्या हातात दिला तर ती म्हणाली, "पॅटर्न मला ठाऊक होता."

"मग बोलायचं नाही?"

"मला विचारलंच नाय कुणी."

मी हातपाय धुवायला गेलो.

तर आता तिकीट बघायचं तर तिच्या अकाउंटमध्ये शिरायचं, आणि शिरायचं तर पासवर्ड पाहिजे. पोरीला जुना ठाऊक होता, तो ॲपनेच मध्ये कधीतरी बदलायला लावलेला. मग आमी अंदाजाने मारत बसलो. पोरीचं नाव, त्यापुढं जन्मसाल. गावाचं नाव. आईने सुचवलं, म्हशीचं नाव टाकून बघ, तिचा फार जीव होता. म्हशीचंही टाकलं. मग ती लाल अक्षरं आली.

दुसऱ्या दिवशी पासवर्ड विसरलो असं सांगून बघितलं. ॲप बिचारं भांडत नाही. म्हणालं, तुमच्या मोबाइलवर ओटीपी पाठवलाय, तो टाका. पाठवलाही असेल. पण तो ज्या सिमवर जाणार ते सिम मी आईच्या अडकित्त्याने कातरलं होतं.

हेही सांगतो. बायको गेली आणि फोन फळीवर पडून होता, तेव्हा रोज दिवेलागणीला तो वाजायचा. स्क्रीनवर नाव यायचं, आबा. म्हणजे माझे सासरे, मुरबाडकडचे. ती हयात होती तेव्हा रोज त्या वेळेला बापाचा फोन यायचा. जेवली का, गुरं आली का, पाऊस आहे का, संपलं. ती गेल्यावरही यायचा. मी उचलायचो, हॅलो म्हणायचो. पलीकडे कुणी बोलायचं नाही. मग फोन कट व्हायचा. म्हटलं, हा राग आहे. माझ्या पोरीला आधी का नाही हलवली ठाण्याला, असं ते मयताच्या दिवशी सगळ्यांसमोर मला बोलले होते आणि त्यानंतर आमच्या घरचं पाणी न पिता निघून गेले होते. आता फोन करून छळतायत. आईलाही ते वाजणं सोसत नव्हतं. एका संध्याकाळी ती सुपारी कातरत होती, फोन वाजला, ती म्हणाली, "अरे बाबा, बंद कर ते एकदाचं." मी सिम काढलं, तिच्या हातातला अडकित्ता घेतला आणि सिमचे दोन तुकडे केले. सुपारीपेक्षा मऊ असतं. तुकडे चुलीत टाकले.

दुसरं सिम मिळतं असं कंपनीत कुणी सांगितलं, म्हणून शहापूरच्या बाजारात मोबाइलच्या गॅलरीत गेलो. काउंटरवर एक मुलगी होती, नखं रंगवलेली, बोलायला चांगली. तिने नंबर टाकला आणि विचारलं, "हे सिम तुमच्या नावावर आहे का?"

"बायकोच्या."

तिने पुन्हा बघितलं. "नाही काका. हे तर जेन्ट्सच्या नावावर आहे." आणि तिने स्क्रीन वळवून नाव दाखवलं. सासऱ्यांचं नाव होतं.

मग डोक्यात उजेड पडला. लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी आपल्या पोरीला पहिला फोन घेऊन दिला होता, आमच्याकडे रेंज येत नाही हे ठाऊक असूनही. त्या वेळी कागद लागले ते त्यांचेच दिले असणार. तिने सासरी येताना भांडी आणली, कपाट आणलं आणि तो नंबर आणला. मग फोन बदलले, नंबर तोच राहिला. त्याच नंबरावर आमच्या घराचं सगळं चाललं होतं, आणि तो आमचा नव्हताच.

"ज्यांच्या नावावर आहे त्यांना आणावं लागेल," मुलगी म्हणाली. "अंगठा लागतो. त्यांच्याशिवाय नाही होत."

मी बाहेर आलो. वडापाव घेतला, दोन घास खाल्ले आणि उरलेला कागदात गुंडाळून पिशवीत टाकला. त्या माणसाच्या दारात जायची माझी अजिबात इच्छा नव्हती. घरी गेलो तर पोर दारातच. "मिळालं?" नाही म्हटलं. पाठ फिरवून आत गेली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

रविवारी बाइक काढली. शेणव्यावरून किन्हवलीकडे आणि तिथून मुरबाडचा रस्ता. भात निसवलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी हिरवं, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. एरवी आपण शेतकऱ्याची अवलाद, दुसऱ्याचं भात बघून काही ना काही पुटपुटतो. मी खड्डे चुकवत होतो.

सासरे पडवीत बसले होते, दोरी वळत. मला बघून उठले नाहीत, या म्हणाले नाहीत. सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली, घरात मेहुणा आणि त्याची बायको असतात, ती दोघं शेतावर होती. मी आपणहून बसलो. पाणी कुणी विचारलं नाही, मीही मागितलं नाही.

"आबा," मी म्हटलं, "काम होतं. तुमचा अंगठा पाहिजे."

"अजून काय नावावर करून घ्यायचंय?"

चीड आली. म्हणजे चीड यायला पाहिजे असं वाटलं, पण वरपर्यंत आली नाही. मी आपला सांगत गेलो. तिकीट, पोरीचा हट्ट, पासवर्ड, सिम. सिम कातरलं तेही सांगितलं. तेव्हा त्यांचे हात थांबले.

"तुमी कातरलात?"

"हो. रोज वाजायचं. उचललं तर तुमी बोलत नव्हते. म्हटलं, रागाने करताय."

म्हाताऱ्याने दोरी मांडीवर ठेवली. मग मान खाली घातली. "राग कशाचा... रोजची सवय. त्या टायमाला हात जाय फोनवर. लावला की रिंग वाजं तिकडं. तेवढं बरं वाटं, आता उचलंल म्हणून." नाक पुसलं. "तुमी उचलीत होते कशाला? वाजू द्यायचा होता."

पडवीत कोंबडी फिरत होती, मी तिला बघत बसलो.

"आणि एक दिवस बाई बोलली, नंबर बंद आहे," ते म्हणाले. "मला वाटलं, तुमी मुद्दाम केलंव."

"मुद्दामच केलं," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

ते उठले. दोरीचा गुंडा खुंटीला लावला. "नंबर परत चालू होल का?"

"तुमी अंगठा दिला तर."

"तोच नंबर?"

"तोच."

आत जाऊन ते टोपी घालून आले. बाइकवर माझ्या मागं बसले. शहापूर येईपर्यंत मोठा खड्डा आला की माझा खांदा धरायचे आणि खड्डा गेला की सोडायचे.

गॅलरीत वेगळीच पंचाईत. म्हाताऱ्याचा अंगठा मशीन घेईना. जन्मभर नांगर धरलेला, कोयता धरलेला अंगठा, त्याच्यावरच्या रेषा गेलेल्या. मुलीने ओल्या फडक्याने पुसला, कोरडा केला, दाबा आजोबा म्हणाली. मशीनचं आपलं लाल. दुसरा अंगठा झाला, मग एकेक बोट. सासरे दर वेळेला श्वास रोखून बोट ठेवायचे आणि माझ्याकडे बघायचे, परीक्षेला बसल्यासारखे. रांगेतला एक जण कुरकुरला, तर ती मुलगी त्यालाच बोलली, "थांबा हो दादा, होतंय." शेवटी डाव्या हाताचं एक बोट लागलं. हिरवा दिवा आला तेव्हा म्हातारा हसला. ती गेल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं, आणि लगेच तोंड मिटलं त्यांनी.

"फोन थोड्या वेळात सुरू होईल," मुलगी म्हणाली. "पण मेसेज उद्यापर्यंत येणार नाहीत. नवीन सिमला तसा नियम आहे."

म्हणजे ओटीपी उद्या. सासऱ्यांना परत मुरबाडला सोडायला ऊन फार चढलं होतं. मी म्हटलं, घरी चला. वाटलं, नाही म्हणतील. "चला," म्हणाले.

घरी पोरीने त्यांच्या पाया पडून पाणी दिलं. ते प्याले. आईने तांदळाच्या भाकऱ्या जास्त टाकल्या. नवं सिम मी माझ्याच फोनमध्ये दुसऱ्या कप्प्यात घातलं होतं. दिवेलागणीला सासरे ओट्यावर गेले, आपला बटणांचा फोन काढला आणि लावला. माझ्या हातात फोन वाजला. आबा असं नाव आता दिसत नव्हतं, नुसता नंबर. आतून आई माझ्याकडे बघायला लागली. मी फोन ओट्याच्या कडेवर ठेवला आणि बाजूला झालो. म्हातारा फोन कानाला लावून अंगणाकडे तोंड करून उभा होता. आपोआप बंद होईपर्यंत वाजला. मग ते आत आले आणि जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. दुपारी ओटीपी आला. पोरीने ॲपमध्ये टाकला. ॲपने नवा पासवर्ड मागितला, तो तिने मला न दाखवता ठरवला. वाकडीतिकडी अक्षरं वाचायला लावली, ती एकदा चुकली, दुसऱ्यांदा बरोबर आली. आणि आत गेलो. इतकं सगळं केल्यावर काहीतरी होईल असं मला वाटलं होतं. काय, ते सांगता येणार नाही. आत गेल्यावर दिसलं काय, तर जाहिराती आणि "स्वागत आहे" पुढं तिचं नाव.

तिकीट होतं. तीन नावं, तीन सीट, तिन्ही कन्फर्म. तिची खिडकीची, खालची.

आई म्हणाली, "तिचं रद्द करून टाक. ठेवून काय करायचं?" खाली तसं बटणही होतं, एकाच माणसाचं तिकीट रद्द करायचं. मलाही ते बरोबर वाटलं. कंपनीत कुणीतरी सांगितलं होतं की प्रवाशाच्या सख्ख्या माणसाच्या नावावर तिकीट करून मिळतं, म्हणून सासऱ्यांना म्हटलं, "आबा, तुमी चला तिच्या तिकिटावर. खिडकीवर जाऊन नाव बदलून घेऊ."

ते मागं सरकले. "माझ्या पोरीच्या जागंवर मी बसू? मला नको सांगू असलं." मला पहिल्यांदा अरेतुरे केलं आणि त्यांना ते कळलंही नाही.

पोरीने फोन माझ्या हातातून घेतला. "कुणी काय करायचं नाय. मम्मीची सीट मम्मीच्याच नावावर राहणार." आणि ॲप बंद केलं.

राहू दे म्हटलं. सासऱ्यांना मुरबाडला सोडून आलो.

दसऱ्याच्या आधी ठरल्या दिवशी आमी दोघं निघालो. कल्याणला गाडीत चढलो, डबा सापडला, सीट सापडली. पोरीने पांढरा ड्रेस घातला होता. तिने आपली बॅग खिडकीशी ठेवली, आईच्या जागेवर, आणि तिच्या बाजूला बसली. मी समोर. डब्यात निम्मे लोक नागपूरलाच निघालेले होते, पांढऱ्या कपड्यातले, डबे उघडून एकमेकांना चटण्या देणारे. आमचं आसनगाव गेलं, आटगाव गेलं, गाडी थांबली नाही. पोर खिडकीतून बॅगेच्या वरून बघत होती.

एकदोघांनी विचारलं, ही सीट रिकामी आहे का. पोर म्हणाली, नाही. दाराजवळ एक म्हातारी बोचक्यावर बसली होती, तिला अर्धीच सीट मिळालेली, दुसऱ्या कुणासोबत. ती येऊन बघून गेली. मी पाण्याच्या बाटलीवरचं लेबल वाचत होतो.

कसाऱ्याला घाटासाठी मागून इंजिन लावायला गाडी थांबली, तेव्हा टीसी आला. आमची कार्डं बघितली. हातातल्या मशीनकडे बघून म्हणाला, "तिसरं पॅसेंजर?"

ह्याचं उत्तर मी घरून ठरवून आणलं होतं. आली नाही, एवढंच म्हणायचं. तोंड उघडलं आणि आमची कार्डंच परत पुढे केली.

"बाथरूमला गेलेत का?"

"मम्मी वारली," पोर म्हणाली. "पण सीट तिची आहे. तिनेच काढलीय."

टीसी वाईट माणूस नव्हता. वाकून म्हणाला, "बाळा, मला सीट रिकामी ठेवता येत नाही. ज्यांना अर्धी मिळालीय त्यांचा नंबर लागतो." आणि त्याने मशीनवर बोट ठेवलं.

"काय लिहिलंत?"

"लिहायचं काय असतं? प्रवासी आला नाही, एवढंच."

"असं नका लिहू," पोर म्हणाली. तिने दोन्ही हात बॅगेवर ठेवले. "ती आली असती. तिला यायचंच होतं."

टीसीने माझ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे. "ह्याच्यात दुसरं काही लिहायला जागाच नसते गं," तो म्हणाला आणि पुढे गेला.

पोरीने बॅग उचलून मांडीवर घेतली. दाराजवळची म्हातारी बोचकं घेऊन आली, अवघडून खिडकीशी बसली, पाय वर घेतले. गाडी हलली. खरं सांगायचं तर इतके दिवस मी, बायको कुठंतरी मागं राहिलीय आणि येईल मागनं, असंच धरून चाललो होतो. तिचा नंबर चालू होता, तिकीट कन्फर्म होतं. आता तिच्या जागेवर दुसरी बाई बसली होती आणि तिथं काही चुकलंय असं डब्यात कुणालाच वाटत नव्हतं. माझ्या तोंडातून कसला तरी आवाज निघाला. मोठा असणार, कारण चटणीचे डबे थांबले. पोर उठून माझ्या बाजूला आली आणि तिने माझा हात घट्ट धरला.

म्हातारीने विचारलं, "काय झालं रे बाबा?"

"माझी बायको वारली," मी म्हटलं.